पडद्यावरचं बटण

फुलचूर गोंदियाला लागून आहे आणि भोवती धानाचा मुलूख. इथल्या डिप्लोमाच्या पोराला प्रोजेक्टसाठी धानखरेदीच्या पावतीचा फॉर्म सहज सुचतो. शेतकऱ्याचं नाव, वजन, दर, रक्कम आणि खाली एक बटण.

बटण ओढून ठेवता येतं. त्याचं काम ओढून ठेवता येत नाही.

1991 साली व्हिज्युअल बेसिक आलं आणि खिडकी ओळीओळीने लिहिण्याऐवजी मांडता येऊ लागली. कोडला बिचकणाऱ्यांना त्याने आत घेतलं, हे उपकार मोठे. तंत्रशिक्षण मंडळाने त्याचंच पुढचं रूप, व्हीबी डॉट नेट, डिप्लोमाला लावलं, ते मला म्हणूनच योग्य वाटतं. मात्र मांडणीमागे कोडचा मजकूर असतोच. डिझायनर, म्हणजे बटणं मांडायची खिडकी, तो स्वतः लिहिते, आणि हात लावू नका अशी सूचना वर ठेवते. हात लावू नये, पण वाचावा जरूर.

समजा, ‘जतन करा’ हे बटण कट करून ग्रुपबॉक्समध्ये पेस्ट केलं. दिसायला तेच, नाव तेच, पण दाबलं तर काही होत नाही. कोड जागेवर आहे. प्रोसिजरच्या पहिल्या ओळीच्या शेवटचं, तिला बटणाशी जोडणारं ‘हँडल्स’ मात्र कट करतानाच गळून गेलं. माउसने ओढून आत नेलं असतं तर टिकलं असतं. पोरगं तासभर डेटाबेस तपासत बसतं. तुटलेलं असतं ते बटण आणि कोड यांच्यातलं नातं.

प्रोग्रॅम चालतो, डिझायनर उघडत नाही. अशा वेळी डिझायनरला दोष देण्याआधी आठवावं की मांडणी करतानाही काही कोड धावतो. फॉर्मवर ठेवलेल्या यूजर कंट्रोलचा ‘लोड’ तिथेही चालतो. त्यात डेटाबेस उघडला असेल, तर डिझायनर तिथेच अडतो.

असा अडलेला डिझायनर ‘इग्नोर अँड कंटिन्यू’चा पर्याय देतो. तो दाबण्याआधी प्रत काढावी. न ओळखलेला कंट्रोल बाजूला ठेवून पुढे गेलो आणि सेव्ह केलं, की तो मजकुरातूनही जाऊ शकतो. त्या पर्यायाच्या वरची सूचना हेच सांगत असते, आणि घाईत तीच वाचायची राहते.

त्रुटीचा संदेश इंग्रजीत असतो म्हणून पोरं तो बंद करतात. शिक्षकाने शेजारी बसून त्याची पहिली ओळ मराठीत सोडवून सांगावी. अर्धं शिक्षण तिथे आहे.

व्हीबी डॉट नेटचे हे फॉर्म ज्यात बनतात त्या विंडोज फॉर्म्समधलं नवं बटण 75 बाय 23 पिक्सेलचं येतं. ‘सेव्ह’ रोमनमध्ये त्यात आरामात बसतं. ‘नोंद पुसून टाका’ लिहून अक्षर मोठं केलं, की शब्द कापले जातात, उकार खाली बुडतो. संगणकावर मराठी अशीच असते, अशी पोरांची समजूत होते, आणि मला सर्वांत जास्त तेच लागतं. मोजमाप दुसऱ्या लिपीसाठी ठरलेलं आहे, एवढंच. ऑटोसाइझ चालू करावं, टेबल लेआउट पॅनेलमध्ये ओळी बसवाव्यात, आणि स्क्रीनचं स्केलिंग 125 टक्के करून फॉर्म पुन्हा चालवून पाहावा. काट्यावर पावती करणाऱ्याच्या संगणकावर ते तेवढं असू शकतं.