वाढणे आणि वाढणे

सज्जनहो, आपल्या मराठीत ‘वाढणे’ हे क्रियापद दोन अर्थांनी चालते. रोप वाढते, मूल वाढते. आणि पंगत बसली की आपण अन्नही वाढतो. व्याकरणाने पाहिले तर पहिले वाढणे अकर्मक, दुसरे सकर्मक. पहिल्यात जे मिळाले ते वाढणाऱ्यापाशीच राहते. दुसऱ्यात ते दुसऱ्याच्या पानात जाते. शब्द एक, पण दोन्हींमध्ये पंगतीएवढे अंतर आहे. विद्यार्थ्याच्या आयुष्याचा सगळा प्रश्न या अंतरात आहे, असे मला या वयात वाटते.

हल्ली मुलांच्या कानावर ‘व्यक्तिमत्त्व विकास’ हा शब्द फार येतो. कॉलेजात त्याची शिबिरे होतात, त्यावर निबंध लिहून घेतात. सप्ताह जवळ आला की आमच्या दापोड्यातली शिकणारी मुले विचारतात, “महाराज, परीक्षा तोंडावर आली आहे. सात दिवस सप्ताहात गेले तर आमची प्रगती कशी व्हायची?” प्रश्न प्रामाणिक आहे. रागावून त्याचे उत्तर होत नाही. विद्यार्थ्याची वाढ कशाने होते आणि ती झाली हे कशावरून ओळखावे, याचा विचार करावा लागतो.

यासाठी एक विद्यार्थी डोळ्यांपुढे घेऊ. तो घराघरांत ठाऊक आहे. कोकणात दापोलीजवळच्या पालगड गावचा श्याम, म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात असताना साने गुरुजींनी आपल्या बाळपणाच्या आठवणी ‘श्यामची आई’ या पुस्तकात लिहिल्या. त्यात मुलाची घडण आहे, झाडे-फुले आहेत, सणवार-व्रते आहेत. विशेष हे की ती तिन्ही वेगळी काढता येत नाहीत.

पुस्तकाची पहिलीच रात्र वटसावित्रीच्या व्रताची. आई आजारी. वडाच्या प्रदक्षिणा तिला घालवेनात, म्हणून तिने श्यामला जायला सांगितले. बायकांत जाऊन फेऱ्या घालायच्या, लोक हसतील, म्हणून मुलगा लाजला. आईने समजावले की देवाच्या कामाची लाज धरू नये, लाज धरावी ती पापाची. श्याम गेला. आता पाहा, वड तोच, सण तोच, पण त्या दिवशी मुलात काय वाढले? आपल्या लाजेपेक्षा आईचा थकवा मोठा, हे त्याला कळले. पाठ्यपुस्तकातल्या धड्याने हे एवढ्या सहज कळत नाही.

दुसरी गोष्ट कळ्यांची. पूजेची फुले आपल्याला जास्त मिळावीत म्हणून मुलांची चढाओढ चाले. श्यामने ती उमलण्याआधीच, कळ्या असतानाच तोडून आणली. आईने त्याला सांगितले की कळ्या झाडावरच उमलू द्याव्यात. आजच्या पालकांनी ही गोष्ट मुद्दाम वाचावी. शेजाऱ्याच्या मुलाच्या पुढे जावा म्हणून आपला मुलगा आपणही कळीतच खुडतो. फूल देवाला वाहायचे, पण उमलल्यावर.

निसर्ग कसा वाढवतो, हे आमच्या भिवंडीच्या पट्ट्यात वेगळे शिकवावे लागत नसे. भाताचे रोप प्रथम राबात दाटीने वाढते. तिथेच राहिले तर हिरवे दिसते, पण त्याला पुरेसे फुटवे येत नाहीत. म्हणून ते उपटायचे, मुठी बांधायच्या आणि चिखलात पुन्हा लावायचे. चार दिवस रोप पिवळे पडते, मान टाकते. मग मूळ धरते आणि एकाचे अनेक होते. शिकण्यासाठी श्यामचीही अशीच लावणी झाली. पालगड सुटले, दापोली झाली, औंध झाले, मग पुणे. आईच्या अखेरच्या वेळी तो तिच्याजवळ नव्हता. उपटल्याचे दुःख खरे होते. पण मूळ धरले ते आईने दिलेल्या मातीतच.

आज दापोड्यात खाचरे थोडी आणि गोदामे फार. त्यावर उसासे टाकत बसण्यात अर्थ नाही. त्याच गोदामांनी कित्येक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या आहेत. पण लावणी न पाहिलेल्या मुलाला वाढ म्हणजे फक्त उंची वाटते. गोदामही उंच होते. त्याला फुटवा येत नाही.

आता शंका अशी : मुलाने आधी स्वतः वाढावे, नोकरी धरावी, मग दुसऱ्यासाठी काय ते करावे. रिकाम्या पातेल्यातून कोण काय वाढणार? ही शंका पोकळ नाही. मुळे न धरलेले रोप दाणा देत नाही. विद्यार्थ्याने अभ्यास बुडवून दिंडीत नाचावे, असे आपला संप्रदायही सांगत नाही. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. वारकऱ्यानेही रीतसर शिकले पाहिजे, हाच त्यामागचा हेतू होता.

समाधान असे : ‘आधी’ आणि ‘मग’ यांच्या मधली वर्षे मोकळी जात नाहीत. त्यांत सवय पडते. वीस वर्षे फक्त घेण्याची सवय पडलेला हात एकविसाव्या वर्षी एकाएकी देऊ लागत नाही. म्हणून सणात, सप्ताहात मुलांच्या हाती वाढपाचे काम द्यायचे. पातेले सगळ्यांचे, पळी मुलाच्या हाती. त्यात त्याचे स्वतःचे काही जात नाही, पण शिकायला पुष्कळ मिळते. वाढायचे तर वाकावे लागते. कोणाला काय हवे हे मागण्याआधी ओळखावे लागते. सगळे जेवल्याशिवाय आपण बसायचे नसते. आणि सर्वांत अवघड म्हणजे पंक्तिप्रपंच टाळावा लागतो. ओळखीच्या पानावर भरभरून आणि शेवटच्या पानावर पळी निपटून, असे करायचे नाही. हा शेवटचा धडा ज्याला आला, त्याचे व्यक्तिमत्त्व विकसित झाले, असे मी म्हणेन.

श्यामला तो आला होता का? त्याचे उत्तर पंढरपुरात मिळते. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. त्यांच्यासारख्यांना देव दारातून, लांबून. सुमारे सहाशे वर्षांनंतरही, स्वराज्य दाराशी आले तरी, हरिजन बांधवांना विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवता येत नव्हते. देवाच्या दारातला हा सर्वांत मोठा पंक्तिप्रपंच. साने गुरुजी आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांना समजावत राहिले. मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात ते उपोषणाला बसले. त्या वेळी आपल्याच संप्रदायातील काहींनी त्यांना विरोध केला होता, हे आपण लपवू नये. सुमारे दहा दिवसांनी मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरले आणि उपोषण सुटले.

पाहा, सज्जनहो. ज्याने कधी कळ्या आधीच खुडून स्वतःचा वाटा वाढवला होता, त्याने मोठेपणी स्वतःचे अन्न सोडले आणि शेवटच्या पानापर्यंत देव वाढला. वडाच्या पारापासून विठ्ठलाच्या दारापर्यंतची ही वाढ कोणत्या गुणपत्रिकेत मावेल?

तेव्हा मुलांना माझे सांगणे एवढेच. अभ्यास सोडू नका. पहाटे उठा, वाचा, परीक्षा द्या. पण सप्ताहातली एक पंगत तुमची असू द्या. गोदामात रात्रपाळी करून आलेला परगावचा हमाल पंगतीच्या टोकाला संकोचून बसलेला असेल. तो कुठला, कोणाचा, हे विचारू नका. त्याच्या पानापर्यंत भाजी पोचेल आणि ती तेवढीच गरम असेल, एवढे पाहा. दाणा भरला की लोंबी आपोआप वाकते, पोचट असेल ती ताठ उभी राहते. आपण किती वाढलो, हे निबंधात लिहिण्याची गरज नाही. पंगतीच्या शेवटच्या पानावर ते दिसते.

रामकृष्ण हरी.