आगीचं माप

साक्रीला रेल्वे नाही. सुरत–नागपूर महामार्गावरचं हे तालुक्याचं गाव. रात्रंदिवस ट्रक जातात, एसट्या जातात, पण रूळ बघायचा तर धुळ्याला जावं लागतं, नाहीतर नंदुरबारला. धुळ्याचा रूळ म्हणजेही चाळीसगावहून आलेला फाटा. 1900 साली गाडी धुळ्यापर्यंत आली आणि साक्रीच्या बाजूला काही सरकली नाही. अशा गावात नववीतल्या एका मुलाला वाफेच्या इंजिनाचं वेड लागलं.

लागलं ते पुण्यात. शाळेच्या सहलीत त्याने कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिलं. 1998 पासून लोकांसाठी खुलं असलेल्या त्या जागेत इवल्याशा गाड्या, सिग्नल, पूल, रस्ते असं एक अख्खं शहर मांडलेलं आहे. सगळी मुलं गाड्यांमागे नजर पळवत होती. हा मात्र परतीच्या बसमध्ये गप्प होता. ती इंजिनं विजेवर चालतात, खरं इंजिन आग आणि पाणी यांवर चालायचं, मग तसं छोटं इंजिन आपल्याला करता येईल का, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

त्याच्या गल्लीत एक आप्पा राहायचे. तरुणपणी भुसावळला वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागलेले, पुढे रेल्वेतूनच निवृत्त होऊन गावी परतलेले. चित्तरंजनच्या कारखान्याने शेवटचं वाफेचं इंजिन 1972 मध्ये बांधलं, पण आधी बांधलेली इंजिनं त्यानंतरही वीसहून जास्त वर्षं देशात धावत होती. आप्पांच्या हाताला त्या भट्टीची सवय होती. मुलाचं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं आणि कामाची वाटणी करून टाकली.

"बॉयलर मी करसू. दाबाच्या भांड्याशी पोरांनी खेळायचं नाही. आग मात्र तुझी."

बॉयलर खरोखर त्यांनीच केला. तांब्याच्या जाड नळीला दोन्ही टोकांना चकत्या बसवल्या. सोनाराच्या दुकानात टाकणखार लावून चांदीचा डाख दिला. मग आत काठोकाठ पाणी भरून पंपाने दाब दिला आणि कुठे पाझरतं का ते पाहिलं. सेफ्टी व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय तो मुलाच्या हाती दिला नाही. सिलिंडर सगळ्यात साध्या जातीचा, मागेपुढे डुलत स्वतःच वाफेचं भोक उघडणारा आणि बंद करणारा. चाकं आणि सांगाडा दोघांनी मिळून जमवला. उरला तो स्पिरिटचा दिवा.

मुलाला वाटलं, यात काय आहे! शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तोच दिवा, फक्त तीन तोंडांचा. त्याने पत्र्याची चपटी डबी घेतली, तिला पितळी नळीचे तीन तुकडे साध्या शिशा-कथलाच्या डाखाने बसवले आणि त्यांत सुताच्या वाती ठोकून ठोकून भरल्या. जितकं सूत जास्त तितकी ज्योत मोठी, हा त्याचा हिशेब. हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिशचं स्पिरिट आणलं. दिवा पेटला, पण ज्योत जेमतेम. दाबून भरलेल्या वातीतून स्पिरिट वर चढायलाच वाट नव्हती. पाणी कोमट झालं, उकळेना.

त्याने ठरवलं, आग कमी पडतेय. पुढे जे जे बिघडलं त्या प्रत्येकावर त्याच्याकडे हाच एक उपाय होता. त्याने डबी काठोकाठ भरली. वाती वर ओढल्या. दिवा बॉयलरला जवळजवळ चिकटवून ठेवला, म्हणजे ऊब वाया जायला नको! झालं उलटंच. ज्योतीला पुरतं जळायला हवा हवी आणि जागाही हवी. थंड तांब्यावर ती अर्धी जळतानाच आपटली की तिथेच मरते.

एका दुपारी त्याने पेटत्या दिव्यातच बाटलीने आणखी स्पिरिट ओतलं. ते नळ्यांवरून ओघळलं. ऊन लख्ख होतं, आणि स्पिरिटची निळसर ज्योत उन्हात दिसत नाही. ओट्यावर अंथरलेल्या वर्तमानपत्राचा कोपरा आपोआप वळायला लागला, तपकिरी झाला, काळा झाला, आणि त्या काळ्या कडेच्या पुढे मात्र डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. मुलगा नुसता बघत राहिला. आप्पा शेजारच्या ओट्यावरून उठले, नांदीतल्या पाण्यात गोणपाट बुडवलं आणि सगळ्यावर टाकलं. स्पिरिट पाण्यात मिसळतं, म्हणून ही आग पाण्याने विझते. तेलाची असती तर तेल पाण्यावर तरंगत पसरलं असतं.

गोणपाट उचललं तेव्हा तिन्ही नळ्या डबीतून सुटून आडव्या पडल्या होत्या. डाख वितळला होता.

आप्पा रागावले नाहीत. त्यांनी आधी मुलाचे हात उलटेसुलटे करून पाहिले, मग एक नळी उचलून त्याला दाखवली.

"हाई का सुटनी, सांग."

"आग जास्त झाली, आप्पा."

"नाही. स्पिरिट संपलं, म्हणून सुटली."

आणि त्यांनी समजावून सांगितलं. स्पिरिट सुमारे 78 अंशांना उकळतं. नळीत ते ओलं आहे तोवर नळी त्याच्या फार वर तापत नाही. साधा डाख 180 अंशांच्या आसपास वितळतो, म्हणजे तोवर तोही शाबूत. वातीचंही तेच. स्पिरिट आहे तोवर स्पिरिट जळतं, सूत जळत नाही. आतलं संपलं की वात स्वतः जळायला लागते आणि डाख सुटतो. मुलाने वरून भरपूर ओतलं होतं, पण ते बाहेर सांडलं होतं. ठोकून भरलेल्या नळ्यांच्या आत कोरडच होती.

मग आप्पांनी भुसावळची गोष्ट सांगितली. नवा फायरमन भट्टीवर आला की त्याला पहिली ओढ एकच असते: दार उघडायचं आणि फावड्यावर फावडी कोळसा लोटून मोकळं व्हायचं. थंड कोळशाचा ढीग पडला की भट्टी दबते. धुराड्यातून काळा धूर निघतो आणि दाबाचा काटा खाली यायला लागतो. तो काळा धूर म्हणजे न जळता गेलेला कोळसा. लांबून बघणाऱ्याला वाटतं, केवढं जोरात चाललंय इंजिन! जाणत्या ड्रायव्हरला कळतं की फायरमन कच्चा आहे. कोळसा थोडा थोडा टाकायचा, पण वरचेवर टाकायचा, आणि जिथे आग पातळ झाली असेल तिथेच टाकायचा.

"आग ले जितलं लागस, तितलंच देवानं," आप्पा म्हणाले. "जास्त दिधं की ती तुनी ऱ्हात नही. समजनं का?"

या गोष्टीतलं सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि ते आप्पांनीच सांगून टाकलं. पण ऐकलेलं हातात उतरायला वेळ लागतो, आणि मला तो वेळच जास्त मोलाचा वाटतो. आपण मुलांच्या हातून काडेपेटी काढून घेतो आणि सुटलो म्हणतो. आगीशी वागायचं कसं ते त्यांना मग शिकवायचं कोणी?

दुसरा दिवा करताना मुलाने प्रश्नांचा भडिमार केला. वात किती, नळी केवढी, टाकी कुठे, झाकण कसलं? आप्पा एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचे आणि आपल्या ओट्यावर जाऊन बसायचे. ते करून झालं की मुलाने यायचं, मग पुढचं. वडील एकदा म्हणालेही, "आप्पा, सगळं एकदाच सांगून टाका ना, पोराची सुट्टी संपेल." आप्पांनी उत्तर दिलं, "आधी दिलेलं खपू दे." कोळशाचा नियम ते माणसालाही लावत होते.

पहिलं उत्तर वातीचं होतं. सूत नळीत असं भरायचं की चिमटीने ओढलं तर सहज वर यावं आणि नळी उलटी केली तर खाली पडू नये. मुलाने निम्मं सूत काढून टाकलं आणि ज्योत पहिल्यापेक्षा उंच आली. कमी केल्याने वाढतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं.

दुसरं उत्तर पातळीचं. नळ्यांतलं स्पिरिट वातीच्या तोंडापेक्षा थोडंसं खाली, आणि सतत तेवढंच, असलं पाहिजे. वर आलं की ओघळतं, फार खाली गेलं की ज्योत मरते. पण जळता जळता पातळी उतरणारच, मग तेवढीच कशी राहील? आप्पांनी उत्तर दिलं नाही. मुलाच्या आईने उन्हाळ्यात पाखरांसाठी कुंपणावर बांधलेली बाटली दाखवली फक्त. बशीत उलटी धरलेली पाण्याची बाटली, तोंड बशीतल्या पाण्यात बुडालेलं. मुलगा बराच वेळ तिथे उभा होता. पाखरं पाणी पीत होती. बशीतलं पाणी तोंडाच्या खाली उतरलं की एक बुडबुडा बाटलीत वर चढायचा आणि तेवढंच पाणी खाली यायचं. तोंड पुन्हा बुडालं की बाटली गप्प.

त्याने तसंच केलं. इंजिनाच्या मागच्या डब्यात बंद टाकी, तिच्या तळातून निघालेली आखूड नळी, ती बुडेल एवढी खाली एक छोटी वाटी, आणि वाटीतून पुढे वातींपर्यंत पितळी नळी. खाली येणाऱ्या नळीचं तोंड ज्या उंचीवर, तीच सगळीकडची पातळी. वातीच्या नळ्यांना या वेळी सोनाराकडून चांदीचा डाख. तो वितळायला 600 अंशांहून जास्त ताप लागतो, तेव्हा चुकून कोरड पडलीच तरी सांधा धरून राहतो.

"आते स्पिरिट टाकू?"

"पहिले पाणी टाकीसन देख."

पाणी भरलं तर वाटी भरून वाहायला लागली. टाकी हळूहळू सगळी रिकामी झाली. दोष सापडला झाकणात. त्याचे आटे सैल होते, तिथून हवा आत शिरत होती आणि हवा शिरली की टाकीला थांबायचं कारणच उरत नाही. स्पिरिट असतं, आणि पेटलेलं असतं, तर? मुलाने तोंडाने विचारलं नाही, पण झाकणाला वॉशर बसवताना त्याचे हात पहिल्यासारखे घाई करत नव्हते. पुढे कळलं की टाकी उन्हात तापली तरी आतली हवा फुगते आणि स्पिरिट बाहेर ढकलते. खानदेशातल्या मे महिन्यात हे विसरून चालत नाही. मग सगळं काम सावलीत.

राहिला वारा. याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या रांगेने उभ्या आहेत, तेव्हा साक्रीच्या वाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्योती आडव्या होऊन बॉयलरच्या बाहेर जळायच्या. मुलाने दोन्ही बाजूंना पत्र्याचे आडोसे लावले. पहिल्यांदा अगदी घट्ट लावले, तर ज्योती मलूल झाल्या. आप्पांकडे न जाता त्याने स्वतःच पत्रा काढला आणि खालच्या कडेला भोकांची ओळ पाडली.

शेवटचं उत्तर आप्पांनी न विचारता दिलं. "पाणी संपायच्या आत स्पिरिट संपलं पाहिजे. कोरडा बॉयलर मले देखना नही." मुलाने औषधाच्या सिरिंजने मोजायला सुरुवात केली. बॉयलरमध्ये 100 मिलिलिटर पाणी, टाकीत 10 स्पिरिट. आग विझल्यावर, सगळं थंड झाल्यावर, उरलेलं पाणी काढून मोजायचं. मग 15. मग 20. 20 ला निम्म्याच्या आसपास पाणी उरत होतं. तिथे तो थांबला आणि त्याने टाकीच कापून लहान केली, 20 च्या वर तिच्यात मावू नये अशी.

इंजिन पहिल्यांदा धावलं ते आप्पांच्या ओट्यावर. सेफ्टी व्हॉल्व्हने शीळ घातली, चाकाला बोटाने एक धक्का दिला, आणि सिलिंडर डुलायला लागला. पोरं ओट्याखाली जमली, मागे त्यांच्या आया. इंजिन भिंतीपाशी पोचलं की कोणीतरी ते उचलून फिरवायचं आणि ते परत निघायचं, गरम पाण्याचे थेंब उडवत. मग ज्योती एकेक करून बसल्या आणि चाकं थांबली.

"अजून टाक ना! थोडं टाक!" पोरं ओरडायला लागली. एकाने स्पिरिटची बाटलीच पुढे केली.

मुलाने ती घेतली, बूच घट्ट लावलं आणि मागे भिंतीकडे ठेवली. "तापलेल्या दिव्यात टाकायचं नसतं. थांबा."

काही पोरं कंटाळून निघून गेली. जी थांबली त्यांच्यासमोर त्याने बॉयलर निवल्यावर डाट काढला आणि सिरिंजने पाणी ओढून घेतलं.

"कितलं उरनं?" आप्पांनी विचारलं.

"सेहेचाळीस."

"मग भर आते."