सरकारी आकडा आणि आपली साक्ष

महामारीच्या काळात सरकार रोग्यांचा व मृतांचा जो आकडा रोज प्रसिद्ध करते, त्यावर लोकांनी विश्वास ठेवावा काय? करोनाची साथ ओसरल्यावर हा प्रश्न विचारणे काहींस निरर्थक वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. साथ चालू असता मनुष्य भीतीने विचार करतो. ती गेल्यावर तो विवेकाने विचार करू शकतो. पुढे कधी दुसरी साथ येईल तेव्हा नवा विचार करावयास सवड मिळणार नाही. आज जी सवय लावून घेऊ तीच त्या वेळी कामास येईल.

सन २०२० व २०२१ मध्ये सरावलीसारख्या गावी, तसेच डहाणू व तलासरीच्या पाड्यापाड्यांत, दोन तऱ्हेचे लोक आढळत. एक म्हणत, सरकारने सांगितले ते खरे. दुसरे म्हणत, सारे आकडे खोटे. या दुसऱ्यांचे बोलणे नीट ऐकले तर एक गोष्ट ध्यानात येई. सकाळी ते म्हणत की, रोग मुळी नाहीच, आकडा फुगवलेला आहे. आणि सायंकाळी तेच म्हणत की, मेलेल्यांचा खरा आकडा लपवला जात आहे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. परंतु पहिल्या तऱ्हेचे लोकही त्यांहून फारसे शहाणे नव्हते. कारण दोघांनीही एकच प्रश्न विचारावयाचा सोडला होता, तो हा की, या आकड्यात कोणास मोजले आहे?

रोग्यांचा आकडा म्हणजे रोग झालेल्या सर्वांचा आकडा नव्हे. ज्यांची तपासणी झाली व तीत रोग आढळला, तेवढ्यांचाच तो आकडा. जून २०२१ मध्ये आपल्या देशातील नोंदलेल्या रोग्यांची संख्या ३ कोटींवर गेली. म्हणजे दर शंभर माणसांत सुमारे दोन. त्याच जून-जुलैमध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ठिकठिकाणच्या लोकांचे रक्त तपासले. तेव्हा ज्यांनी लस घेतली नव्हती अशांतही शंभरात सुमारे बासष्ट जणांस रोग होऊन गेल्याची खूण सापडली. पहिला आकडा खोटा होता काय? नाही. तो लहान पात्राने मोजलेला होता. पात्राचे माप सांगून मोजणारा मनुष्य प्रामाणिक होय. माप न सांगता 'एवढेच धान्य आहे' म्हणणारा अप्रामाणिक होय. सगळा वाद वस्तुतः या भेदाचा आहे.

मृतांच्या बाबतीत हा भेद अधिक गंभीर होतो. ता. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने पूर्वी न मोजलेले १,३२८ मृत्यू एकदम यादीत घातले. त्यांपैकी ८६२ एकट्या मुंबईचे होते. त्या दिवशी पुष्कळांनी म्हटले, पाहा, चोरी पकडली गेली. आमचे मत निराळे आहे. मृत्यू इतके दिवस यादीबाहेर राहावे हा दोष खराच. पण जो हिशेबनीस आपली वही पुन्हा उघडतो व राहिलेली रक्कम स्वतःच्या हाताने लिहितो, त्याची पत त्या दिवशी वाढली पाहिजे. आपण दुरुस्तीलाच शिक्षा करू लागलो, तर पुढे कोणी दुरुस्ती करणार नाही.

आमच्या सीमेपलीकडील उदाहरण याहून बोलके आहे. जानेवारी २०२२ पर्यंत गुजरातेत करोनाने मेलेल्यांचा सरकारी आकडा सुमारे १० हजार होता. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे मृताच्या कुटुंबास ५० हजार रुपये देण्याचे ठरले, तेव्हा त्याच राज्याने ६८ हजारांहून अधिक अर्ज मंजूर केले. खुलासा असा झाला की, साहाय्यासाठी मृत्यूची व्याख्या विस्तृत केली होती. तपासणीनंतर तीस दिवसांच्या आत जो मेला, तोही त्यात येई. खुलासा खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण विधवेच्या हाती रुपये देताना जी व्याख्या योग्य, ती लोकांस संकटाचे मान सांगताना का नसावी?

विलंब हाही एक दोषच होय. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज केला की, २०२० व २०२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख मृत्यू अधिक झाले; सरकारी आकडा त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाचा होता. सरकारने त्या अंदाजाच्या पद्धतीस हरकत घेतली, व अंदाजास हरकत घेता येते. परंतु २०२१ साली देशात प्रत्यक्ष किती मृत्यू नोंदले गेले हे २०२५ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाले: १ कोटी २ लाख, आदल्या वर्षी ते सुमारे ८१ लाख होते. ही सर्व वाढ रोगाचीच असे नव्हे, कारण नोंदणीही सुधारत आहे. तथापि उत्तर चार वर्षे पेटीत राहिले, तर त्या काळात अफवा गावोगाव फिरते, आणि तिला थांबवणारा कोणी नसतो.

कोणी म्हणेल, खरा आकडा सांगितल्यास लोक घाबरतात, म्हणून तो झाकणे हीच दया. हा युक्तिवाद नवा नाही. सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तरी अधिकारी काही काळ ते नाव घेण्यास कचरत होते. भीती टळली काय? पुढील काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले व रोगही त्यांच्याबरोबर गेला. मग १८९७ चा साथरोग कायदा आला, घरोघर झडत्या झाल्या, आणि आता लपविण्याची पाळी लोकांची आली. रोग्यास इस्पितळात नेतील या भयाने घरच्यांनी आजारी माणसे दडवली, व प्रेतेही गुपचूप पुरली. सरकार लोकांपासून लपवते, लोक सरकारपासून लपवतात, आणि या दोन लपवण्यांच्या मध्ये रोग मात्र उघड फिरतो.

यावरून आम्ही आमच्या स्वतःच्या कर्तव्याकडे येतो. आकडा मंत्रालयात जन्मत नाही; तो पाड्यावरील झोपडीच्या दारात जन्मतो. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली व आशाताई घरोघर फिरल्या. विलगीकरणाच्या भीतीने अंगातला ताप ज्याने त्यांच्यापासून लपवला, त्याने दुसऱ्या दिवशी सरकारी आकडा खोटा म्हणावे हे कोणत्या तोंडाने? सन १९१८ च्या इन्फ्लुएंझातही असेच झाले. गावच्या पाटलाच्या वहीत कारण म्हणून 'ताप' एवढेच लिहिले जाई, आणि पुष्कळ मृत्यू तर वहीत आलेच नाहीत. प्रथम सरकारी अंदाज सुमारे ६० लाखांचा होता. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांत वाढण्याऐवजी घटलेली दिसली, तेव्हा कोठे खरा संहार कोटीच्या वर गेल्याचे कळले. ती माणसे जगली व मेली, पण त्यांच्याविषयी साक्ष देणारी ओळ कोणी लिहिली नाही.

आजही देशातील नोंदलेल्या दर शंभर मृत्यूंपैकी पंचवीसांसही डॉक्टरने दिलेला कारणाचा दाखला नसतो. तलासरीचा मनुष्य उपचारासाठी वापीस किंवा सिल्वासास जाऊन मेला, तर त्याची नोंद तेथे होते, त्याच्या गावी नाही. म्हणून वाचकहो, घरात मृत्यू झाला असता एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत त्याची नोंद करा. ज्या डॉक्टरने उपचार केला त्याच्याकडून कारणाचा दाखला मागा. आपल्या मंडळीच्या दफनाच्या वहीत नाव, वय व तारीख नीट लिहिली जाते की नाही हे पंचांनी पाहावे. सरकारी वहीशी ताडून पाहण्यास अशी दुसरी वही फार उपयोगी पडते. आणि आपल्या गावचा आकडा आपल्यास ठाऊक असलेल्या मृत्यूंशी जुळत नसेल, तर चावडीवर कुजबुजत न बसता ग्रामसभेत उभे राहून विचारा.

आंधळा विश्वास व आंधळा अविश्वास या दोघांसही श्रम पडत नाहीत, म्हणून दोन्ही सोपे आहेत. जो आकडा आपले माप सांगतो, आपली चूक दुरुस्त करतो व वेळेवर प्रसिद्ध होतो, त्यावर विश्वास ठेवणे योग्य आहे; जो तसे करीत नाही, त्यास प्रश्न विचारणे हे कर्तव्य आहे. परंतु शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष न देण्याची आज्ञा राज्यकर्त्यांस जशी लागू आहे तशी आम्हांसही आहे, आणि मेलेला शेजारीही शेजारीच आहे.