पाहणें आणि मिळविणें

शिकाऱ्याच्या खांद्यावरून बंदूक उतरली आणि तिच्या जागीं कॅमेरा आला, ही गोष्ट मनुष्याच्या सुधारणेची एक पायरी म्हणून आपण मोठ्या समाधानानें मोजतों. एके काळीं ज्याच्या दिवाणखान्यांत पेंढा भरलेला गरुड असे, त्याच्याच नातवाच्या भिंतीवर आज उडत्या गरुडाचें छायाचित्र असतें. पक्ष्याचा जीव वांचला. तेवढ्यापुरतें हें समाधान रास्त आहे, आणि त्याला बोट लावण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु हत्यार बदललें म्हणजे तें उचलणारें मनहि बदलतें काय, हा प्रश्न निराळा आहे. आणि घुबड, ससाणा, गरुड अशा शिकारी पक्ष्यांच्या मागें कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्यांची संख्या आपल्याकडे वाढत असतां तो आतां टाळण्याजोगा राहिलेला नाहीं.

चिमणी आपल्या अंगणांत येते. तिला पाहण्यासाठीं आपणांस कांहींच करावें लागत नाहीं. शिकारी पक्षी मात्र आपण होऊन मनुष्याच्या जवळ येत नाहीं, आणि घुबड तर बहुधा रात्रीचें प्रवासी. म्हणूनच कीं काय, मनुष्यानें त्याला पाहिलें कमी आणि त्याच्यावर लादलें फार. एका घरांत तें लक्ष्मीचें वाहन, तर दुसऱ्या घरीं छपरावर नुसतें बसलें तरी अपशकुन. पहांटेच्या काळोखांत दारीं येणारा पिंगळा जोशी पिंगळ्याची भाषा आपणांस कळते असें सांगून घरधन्याचें भविष्य बोले. त्या पक्ष्याचें बोलणें त्याच्या स्वतःच्या संसाराविषयीं असेल, ही शंका मात्र ना सांगणाऱ्याला आली, ना ऐकणाऱ्याला.

महाभारताच्या सौप्तिकपर्वांत अशा पाहण्याचें एक भयंकर उदाहरण आहे. युद्ध संपलें आहे. अश्वत्थामा, कृप आणि कृतवर्मा एका वटवृक्षाखालीं रात्र काढीत आहेत. दोघांना झोंप लागते, अश्वत्थामा जागा राहतो, आणि त्याच्या डोळ्यांदेखत एक घुबड येऊन फांद्यांवर निजलेल्या कावळ्यांचा संहार करतें. निजलेल्या शत्रूंस मारावें हा आपणांस मिळालेला उपदेशच होय, असें ठरवून तो पांडवांच्या शिबिराकडे निघतो. अश्वत्थाम्याच्या डोळ्यांत कांहीं उणें नव्हतें. जें घडलें तें त्यानें नीट पाहिलें. परंतु त्या क्षणीं त्याला एक परवानगी हवी होती, आणि ती त्यानें पक्ष्यापासून मिळविली. पक्षी त्याच्या हिशेबांत नव्हताच.

उलट ह्याच पक्ष्याचें नांव आपल्या परंपरेनें एका तत्त्वज्ञालाहि दिलें आहे. वैशेषिक मताचे आचार्य कणाद ह्यांना उलूक म्हणत, आणि माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहां’त त्या मताला औलूक्यदर्शन असेंच नांव आहे. पदार्थ इतरांपासून कशानें वेगळा, त्याचा विशेष कोणता, हें ओळखणें हा त्या दर्शनाचा व्यवसाय. एकाच पक्ष्याच्या नांवाभोंवतीं पाहण्याचे हे दोन प्रकार उभे आहेत: एक पदार्थाला जाणूं इच्छिणारा, दुसरा पदार्थापासून कांहीं मिळवूं इच्छिणारा. ह्या दुसऱ्या प्रकारानें पक्ष्याचें तर नुकसान होतेंच, पण ज्ञानाचेंहि कसें होतें, ह्याचा दाखला दूर शोधावयास नको. तो आपल्या खानदेशाशींच निगडित आहे.

रानपिंगळा हें लहानसें घुबड भारताबाहेर कोठेंहि आढळत नाहीं. १८७२ सालीं ब्ल्यूइट नांवाच्या गृहस्थांनीं त्याचा पहिला नमुना मिळविला, आणि पुढच्याच वर्षीं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम ह्यांनीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. हेच ह्यूम पुढें १८८५ सालीं राष्ट्रसभेच्या स्थापनेंत अग्रेसर होते. त्यानंतर खानदेशांत सरकारी नोकरीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन ह्यांनीं आणखी कांहीं नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाच्या हातीं लागला नाहीं, आणि बोटांवर मोजण्याइतकीं वाळलेलीं कातडीं एवढीच त्याची खूण संग्रहालयांच्या कपाटांत उरली.

पुढें रिचर्ड माइनर्ट्झहागेन ह्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें आपल्या संग्रहांतील एक नमुना दाखवून सांगितलें कीं, आपण हा पक्षी १९१४ सालीं गुजराथेंतील मांडवी येथें मिळविला. हा मनुष्य पक्षिशास्त्रांतील मोठा जाणकार गणला जात असे. त्याच्या शब्दावर अविश्वास कोण दाखविणार? त्याच्या नमुन्यावरील चिठ्ठी खरी मानून पुढच्या कांहीं शोधकांनीं भलत्याच ठिकाणीं श्रम घेतले. शेवटीं पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर ह्यांनीं त्या कातड्याची बारकाईनें तपासणी केली, तेव्हां असें ठरलें कीं, तें ब्रिटिश संग्रहालयांतून चोरलेलें, डेव्हिडसन ह्यांनीं पूर्वीं मिळविलेलेंच कातडें असून, उसवून, पुन्हां शिवून, त्याला खोटी चिठ्ठी लाविलेली आहे. हा निष्कर्ष १९९९ सालीं प्रसिद्ध झाला.

ह्या कृत्याकडे निव्वळ लबाडी म्हणून पाहिलें तर त्यांतील शिकवण हातची जाते. माइनर्ट्झहागेन अडाणी नव्हता. पक्ष्यांविषयीं त्याला इतरांहून अधिक कळत होतें. परंतु त्याला पक्षी नको होता, पक्षी सांपडल्याचा मान हवा होता. ज्ञानाच्या वेषांत मिळविण्याची हांव शिरली म्हणजे ती अखेर ज्ञानालाच आंधळें करते, तें असें.

चिठ्ठी खोटी असल्याचें उमगल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागें गेले. आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं, सकाळच्या वेळीं, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशीं रानपिंगळा त्यांच्या दृष्टीस पडला. मधल्या काळांत ११३ वर्षें लोटलीं होतीं. विशेष हें कीं, इतर बहुतेक घुबडांप्रमाणें हा पक्षी दिवसा दडून राहणारा नाहीं. तो दिवसाउजेडीं उघड्या फांदीवर बसतो. ह्या वेळीं कोणीं गोळी झाडली नाहीं. छायाचित्रें घेतलीं गेलीं, आणि पक्षी आपल्या झाडावर राहिला. पुढें मेळघाटांत आणि २०१४ सालीं मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यांतहि तो आढळला.

येथें कॅमेऱ्याचा पक्षपाती म्हणेल, “मग आमचेंच म्हणणें सिद्ध झालें! कॅमेरा कोणाला मारीत नाहीं.” हें म्हणणें अर्धें खरें आहे, उरलेलें अर्धें घुबडाच्या बाजूनें पाहिल्यावांचून दिसत नाहीं. घुबडाचे डोळे खोबणींत जवळ जवळ पक्के बसविलेले असतात. ते आपल्या डोळ्यांसारखे फिरत नाहींत. म्हणून त्याच्या मानेंत, आपल्या सात मणक्यांच्या ठिकाणीं, चौदा मणके असतात, आणि तें आपलें तोंड २७० अंशांपर्यंत फिरवूं शकतें. आतां सर्वांस आवडणारें घुबडाचें छायाचित्र कोणतें? टक्क उघड्या डोळ्यांनीं सरळ आपल्याकडे पाहणारें. परंतु दिवसा स्वस्थ बसलेल्या घुबडाचे डोळे अर्धवट मिटलेले असतात. त्यानें मान वळवून डोळे विस्फारले, ह्याचा अर्थ बहुधा एवढाच कीं, त्याची विश्रांति मोडली. ज्याला आपण पक्ष्यानें दिलेलें दर्शन समजतों, ती पुष्कळदां त्याची भीति असते.

आणि ही भीति निष्कारण नसते. दिवसा घुबड उठून उडालें कीं कावळे आणि इतर पक्षी कलकलाट करीत त्याच्यामागें लागतात. काकोलूकांचें हें वैर पंचतंत्रकारांनाहि ठाऊक होतें. चांगल्या चित्रासाठीं फांदी हालविणारा मनुष्य त्या पक्ष्याला त्याच्या वैऱ्यांच्या स्वाधीन करून घरीं परततो. ध्वनिमुद्रित हाक वाजविली म्हणजे पक्षी बाहेर येतो. पण तो येतो तो आपल्या हद्दींत प्रतिस्पर्धी शिरला असें समजून, शिकार टाकून. कोणी पाळीव उंदीर सोडून घुबडाला झडप घालावयास लावतात. ह्यांत कोणाचें रक्त सांडत नाहीं, उंदराचें सोडून. तथापि फसवणूक आहे, आणि ती एका भुकेल्या जिवाची आहे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ‘शिकार’ ह्या शब्दाच्या व्याख्येंत वन्य पक्ष्यांच्या घरट्यांना उपद्रव देण्याचाहि समावेश केला आहे. बंदूक नसली तरी शिकार होऊं शकते, हें आम्हीं आज नव्यानें सांगावयाचें उरलेलें नाहीं.

इंग्लंडांतील विख्यात पक्षि-छायाचित्रकार एरिक हॉस्किंग ह्यांची कथा ह्या संदर्भांत चिंतनीय आहे. १९३७ सालीं वेल्समध्यें एका घुबडाच्या घरट्यापाशीं रात्रीं जात असतां त्या पक्ष्यानें त्यांच्या तोंडावर झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा गेला. त्यांनीं घुबडांचा नाद सोडला नाहीं. चोचींत उंदीर धरून पंख पसरलेल्या गव्हाणी घुबडाचें त्यांचें १९४८ चें चित्र आजहि वाखाणलें जातें. आमचें लक्ष त्या डोळ्याकडे जातें तें वेगळ्या कारणानें. पाहण्याची किंमत त्या रात्रीं पाहणाऱ्यानें दिली. आज दूरवरचें दृश्य जवळ ओढणाऱ्या भिंगांनीं मनुष्य निर्धास्त झाला आहे. आतां जी किंमत पडते ती बहुतेक पक्ष्याच्याच वांट्याला येते, आणि म्हणून ती आपणांस दिसत नाहीं.

एवढें बोलल्यावर दुसरी बाजूहि तितक्याच स्पष्टपणें मांडली पाहिजे. सैबेरिया आणि उत्तर चीनकडून आफ्रिकेच्या दक्षिण भागाकडे जाणारे अमूर ससाणे वाटेंत नागालँडांत उतरतात. २०१२ सालीं डोयांग जलाशयाजवळ पांगती गांवच्या परिसरांत जाळीं लावून त्यांची लाखावारी हत्या होत असल्याचें उघडकीस आलें. तीं दृश्यें टिपून जगापुढें ठेविलीं गेलीं नसतीं, तर हा संहार दूरच्या माणसांना कळलाहि नसता. पुढच्याच वर्षीं गांवकऱ्यांनीं हत्या थांबविली, हातचें उत्पन्न सोडून थांबविली. म्हणून छायाचित्र हें पाप आहे असें म्हणणारा मनुष्य पांगतीचे ससाणे विसरला असें आम्ही म्हणूं. तेथें चित्र काढणाऱ्यांनीं पक्ष्यापासून कांहीं घेतलें नाहीं. त्याच्या वतीनें साक्ष दिली.

तर मग कसोटी कोणती? आमच्या मतें ती साधी आहे, पण सोपी नाहीं. रिकाम्या हातानें परत येण्याची ज्याची तयारी आहे, त्यालाच ह्या पक्ष्यांकडे पाहण्याचा अधिकार आहे. घुबड पानांआड निजलें आहे. आणखी चार पावलें टाकलीं तर चित्र मिळेल, पण तें उठेल. त्या चार पावलांपाशीं मनुष्याची परीक्षा होते, आणि तेथें परीक्षक कोणी नसतो. आपण ह्या पक्ष्याला पाहिलें हें कोणालाहि कधीं कळणार नसेल, तरीहि आपण तेथें येऊन बसलों असतों काय, असें प्रत्येकानें स्वतःला विचारावें.

ह्याला एक आक्षेप आहे, आणि ज्यांचें आयुष्य अध्यापनांत गेलें त्यांना तो विशेष बोंचतो. ज्ञान सर्वांचें आहे. तें राखून ठेवणें हा अपराध नव्हे काय? पक्ष्यांच्या नोंदींचा ‘ई-बर्ड’ हा जागतिक संग्रह छळाचें भय असलेल्या पक्ष्यांचीं नेमकीं ठिकाणें सर्वांपासून झांकून ठेवतो. आम्हांस वाटतें, झांकणें आणि खोटें सांगणें ह्यांत महदंतर आहे. मांडवीच्या चिठ्ठीनें सत्य बिघडविलें. झांकलेली नोंद सत्याला धक्का न लावतां, तें पेलण्याची पात्रता येईपर्यंत थांबते. ती पात्रता पदवीनें येते असेंहि नाहीं. पुरंदर तालुक्यांतील पिंगोरी गांवीं इला फाउंडेशननें २०१८ सालीं घुबडांचा उत्सव भरविला; ज्या पक्ष्याला अपशकुनी म्हणून हाकलावयाचें, त्याची ओळख लोकांना करून द्यावी हा त्याचा हेतु होता. भयाची जागा परिचयानें घेतली म्हणजे ज्या गांवांत घुबड राहतें तो गांवच त्याचा राखणदार होऊं शकतो, आणि मग झांकण्याचें कारणहि कमी होत जातें.

आतां कॅमेरा प्रत्येक घरांत, किंबहुना प्रत्येक खिशांत आहे, आणि मुलांना पक्षी दाखविण्याची हौसहि सुदैवानें वाढते आहे. आमची विनंती इतकीच कीं, मुलाला झाडावरचा पिंगळा दाखवितांना कॅमेरा थोडा वेळ खिशांतच राहूं द्यावा. तो पक्षी काय करतो, कोणीकडे मान वळवितो, डोळे केव्हां मिटतो, हें मुलानें आधीं आपल्या डोळ्यांनीं पाहावें; आणि तो अस्वस्थ झालासें वाटतांच बापानें मुलाचा हात धरून मागें फिरावें. चित्र न मिळतां परतलेलें तें मूल घुबडाविषयीं एक गोष्ट निश्चित शिकलेलें असेल: त्या फांदीवर राहण्याचा हक्क त्याचा आहे.