मे महिन्यातली पाहणी

मीरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. मधल्या सखल भागात, राई-मुर्धा-मोर्व्यापासून भाईंदर पूर्वेपर्यंत, मिठागरं आणि खाजणं. शहर पसरायचं तर याच जमिनीवर, त्यामुळे इथे प्रकल्प आला की प्रश्न निघतोच: या भूखंडात संरक्षित पाणथळ आहे का? प्रश्न योग्य आहे. तो जमिनीला कधी विचारायचा, याचा मात्र कोणी फारसा विचार करत नाही.

खाडीकाठची जमीन तिथीप्रमाणे वागते. अष्टमीच्या भांगाला जिथे पाणी फिरकत नाही, तिथे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला घोटाभर पाणी चढतं. मिठागर पावसाळ्यात तळं असतं, पाऊस सरला की त्याच्या बांधांची डागडुजी होते आणि उन्हाळ्यात तिथे मीठ पिकतं. बंद पडलेल्या आगरात मे महिन्यात गेलेल्या सल्लागाराला भेगाळलेली माती दिसते आणि अहवालात ‘पडीक जमीन’ असं येतं. तो खोटं लिहीत नाही. त्याने वर्षातला एक दिवस पाहिलेला असतो. अर्थात, तो दिवस कोणी निवडला हेही विचारायला हवं, कारण सल्लागाराची फी बहुधा विकासकच भरतो.

जाणता माणूस आधी खणतो. फूटभर खालची माती करडी-निळसर लागली आणि मुळांच्या कडेने तांबूस रेघा दिसल्या, तर तिथे पाणी बराच काळ मुरून राहत असतं. हवा न मिळाल्याने मातीतल्या लोहाचा रंग बदलतो. अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने १९८७ मध्ये पाणथळ ओळखण्याची पुस्तिका काढली, तीही पाणी, माती आणि वनस्पती या तिघांची साक्ष मागते. आपल्याकडे सगळी भिस्त झाडांवर, म्हणजे तिवर आणि मारंडीवर. आणि झाडं मारायला कुऱ्हाडही लागत नाही. उघाडीच्या तोंडाशी राडारोड्याचे काही डंपर रिकामे केले की भरतीचं पाणी अडतं आणि तिवरं उभ्या उभ्या वाळतात. मातीचा रंग एवढ्या लवकर जात नाही.

कायद्यातला पेच याहून अवघड. १९७१ च्या रामसर कराराच्या व्याख्येत नैसर्गिक-कृत्रिम, कायमचं-तात्पुरतं, गोडं-खारं असं सगळंच बसतं. आपल्या २०१७ च्या नियमांनी मिठासाठी मुद्दाम केलेल्या जागा व्याख्येतून वगळल्या, आणि किनारा नियमन क्षेत्रातल्या पाणथळी दुसऱ्या कायद्याकडे सोपवल्या. मग बांध फुटलेल्या, तिवरं परत उगवलेल्या आगराचं काय? मीठ पिकणं थांबलं तेव्हाच मिठासाठीची सूटही संपली, असं मी मानतो. समोरचा वकील सातबारा काढेल. पण मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशात खारफुटीभोवती ५० मीटरांत बांधकाम थांबवताना मालकी कोणाची हे पाहिलं नाही. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात तर नष्ट झालेली खारफुटी पुन्हा उभी करायला सांगितलं आहे.

नकाशाच्या भरवशावरही राहता येत नाही. देशाच्या पाणथळ नकाशासंग्रहात २.२५ हेक्टरांहून लहान जागा नुसत्या ठिपक्याने दाखवल्या आहेत. तेवढ्या, म्हणजे साडेपाच एकरांत, मीरा रोडला अख्खं गृहसंकुल उभं राहतं. १:२५,००० च्या किनारा नकाशावर ५० मीटरचा पट्टा भरतो दोन मिलिमीटर! सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये पाणथळींची जागेवर जाऊन पडताळणी करायला सांगितलं, पण ते मोठ्या पाणथळींबाबत.

लोकांना घरं हवीत, हे खरंच. पण भरती आणि पाऊस एका वेळी आले की नाल्यांचं पाणी खाडीत जात नाही, ते याच सखल जागांत थांबतं. त्या भरल्या की पाणी शेजारच्या चाळीत आणि तळमजल्यांत शिरतं. ते उपसणारी माणसं नव्या संकुलात राहत नसतात.

म्हणून पाहणी एकदा पावसाळ्यात आणि एकदा उधाणाच्या भरतीला व्हावी. खणलेल्या मातीची नोंद असावी. आदेशाच्या वर्षी, २००५ मध्ये, तिथे काय होतं ते उपग्रहचित्रांवरून दाखवावं आणि त्यानंतर वाळलेली तिवरं जिवंत धरावीत. एवढं नसलेला अहवाल महापालिकेने दाखलच करून घेऊ नये.