बिनमहत्त्वाची माणसं

आमची चौकडी भर पावसात एका सराईत शिरली. मालकाने शेगडीजवळ बाक ओढून दिलं आणि चौघांतल्या एकीने सहज त्याचं नाव विचारलं. त्या जगातला पाऊस, शेगडी, सराई आणि मालक सगळं मीच होतो, कारण त्या खेळाचा डीएम, म्हणजे डंजन मास्टर, मी. नाव काही तयार नव्हतं. मी जरा घुटमळलो, तेवढ्यात पलीकडचा म्हणाला, "अरे, नाव शोधावं लागतंय म्हणजे हा महत्त्वाचा नाही. चला पुढे."

तर्क बिनचूक होता, म्हणून तर तो डोक्यातून जाईना. महत्त्वाची माणसं आधीच ठरलेली असतात, डीएमच्या वहीत त्यांचं पान असतं, बाकी सगळं भरताड. हे गृहीतक एकट्या त्याचं नाही. डीएमना एरवी जो सल्ला मिळतो, तोही बहुतेक याच पायावर उभा असतो.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' म्हणजे काय हे आता सांगत बसायला नको, 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेने ते काम घरोघरी करून ठेवलंय. टेबलाभोवती चार-पाच जण, प्रत्येकाचं एकेक पात्र, आणि उरलेल्या अख्ख्या जगाचा भार डीएमच्या डोक्यावर. त्या जगातले दुकानदार, पहारेकरी, राजे, चोर, सासवा हे सगळे एनपीसी, म्हणजे खेळाडू चालवत नाहीत अशी पात्रं. ते लक्षात राहावेत म्हणून काय करावं, यावर सल्ल्यांचा सुकाळ आहे. एक डोळा फोडा. बोलायच्या आधी खोकायला लावा. खांद्यावर पोपट बसवा, आवाज बदला. १९७९च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये तर यासाठी तक्तेच दिलेत. फासे टाकायचे आणि माणसाचं दिसणं, स्वभाव, कल असं एकेक उचलत जायचं.

या सगळ्याला मी 'खूण' म्हणतो, आणि माझा पक्ष नेहमी 'ओढी'चा राहिला आहे. एक लोहार घ्या. त्याला एकच डोळा आहे, ही झाली खूण. खेळाडू म्हणतात, "बरं. तलवार केवढ्याला?" आणि गोष्ट तिथेच थांबते. आता दोन्ही डोळे शाबूत असलेला लोहार घ्या. सरदाराची माणसं पुढच्या आठवड्यात गावात भरतीला येणार आहेत आणि त्याला त्याआधी पोराला गावाबाहेर काढायचंय. तलवारीची किंमत विचारली की हा विचारतो, "कुठल्या वाटेने निघालात?" मग म्हणतो, "गाडीत एका माणसाची जागा होईल का?" मग किंमत निम्म्यावर आणतो, आणि खेळाडूंचे कान टवकारतात. डीएमला एक वाक्य पाठ करावं लागलं नाही. ओढ ठाऊक असली की माणूस काय बोलेल ते आपसूक सुचतं. अलीकडच्या काही खेळांनी हे नियमांतच घातलंय. २०१२च्या 'डंजन वर्ल्ड'मध्ये प्रत्येक राक्षसापुढे त्याला काय करायची खुमखुमी आहे ते एका ओळीत दिलेलं असतं. तेवढ्या ओळीवर तासभर खेळ चालतो.

आता गॅरी गायगॅक्सशी भांडायला हरकत नाही. डेव्ह आर्नेसनच्या जोडीने त्याने १९७४मध्ये हा खेळ छापला आणि पुढे काही वर्षांनी 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' नावाचं साहस लिहिलं. खेळाच्या नवशिक्यांसाठीच्या पेटीतून ते मिळायचं, त्यामुळे एका पिढीने डीएमगिरीचे धडे त्यावरच गिरवले. सरहद्दीवरची एक गढी, पलीकडे राक्षसांच्या गुहा. गढीत लोहार आहे, सावकार आहे, किल्लेदार आहे, आणि नाव एकालाही नाही. नावं डीएमने घालावीत, अशी कल्पना. मात्र कोणाकडे किती नाणी आहेत आणि ती कुठे दडवलीत, याचा हिशेब चोख. म्हणजे लेखकाच्या लेखी माणूस कोण? ज्याला लुटलं तर काय हाती लागेल ते आधी लिहून ठेवलंय, तो. आमच्या टेबलावरचा तो तर्कपटू आकाशातून पडलेला नाही, याच घराण्यातला आहे.

तरी मला मुकाट कबूल करावं लागतं की त्याच गढीत एक हसतमुख, गप्पिष्ट पुरोहित मुक्कामाला आहे. सोबत दोन चेले. तो खेळाडूंना जेवूखाऊ घालतो, गुहांच्या गोष्टी काढतो, "मीही येतो तुमच्याबरोबर" म्हणतो, आणि ऐन वेळी गळा कापतो. नाव यालाही नाही. पण ज्यांनी ती गढी पाहिली, त्यांना सावकार आठवत नसला तरी हा आठवतो. त्याला खेळाडूंकडून काहीतरी हवं आहे. माझ्या ओढीच्या सिद्धांताला भक्कम पुरावा खुद्द प्रतिपक्षानेच पुरवला, तेव्हा भांडण जरा एकतर्फी होतंय हे खरं.

पण ही माणसं अशी पोकळ झाली कशी, याचं उत्तर गायगॅक्सच्याही मागे आहे आणि तिकडे वळल्यावाचून मला राहवत नाही. १९६९मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्ली नावाचा तरुण नेपोलियनच्या काळातले युद्धखेळ खेळायचा. टेबलावर शिशाचे सैनिक मांडायचे आणि लढाया लढायच्या. लढाई सुरू व्हायच्या आधी गावात काय चाललं असेल, हे दाखवायची त्याला हुक्की आली. 'ब्राउनस्टाइन' हे काल्पनिक जर्मन शहर त्याने उभं केलं आणि सैन्याच्या सेनापतींखेरीज इतर मित्रांना गावातली माणसं वाटून दिली. प्रत्येकाचा हेतू वेगळा. झालं असं, की कोणी रांगेत थांबेना. जो तो वेस्लीला बाजूला घेऊन कानात आपले बेत सांगू लागला, दोघांनी तर द्वंद्वयुद्धच मांडलं, आणि सैन्य टेबलावर आलंच नाही. वेस्लीला वाटलं, खेळ फसला. मित्र म्हणाले, पुन्हा कधी? त्या मंडळींतच आर्नेसन होता. पुढे त्याने 'ब्लॅकमूर' हे काल्पनिक जग रचलं आणि तिथून आजचा खेळ निघाला.

ब्राउनस्टाइनमध्ये एनपीसी ही गोष्ट जवळजवळ नव्हतीच. गावातल्या ज्या त्या माणसामागे एक जिवंत, हट्टी मित्र बसलेला. पुढे खेळ गावातून तळघरात उतरला, सगळे मित्र एका बाजूचे वीर झाले आणि अख्खं गाव एकट्या डीएमच्या गळ्यात पडलं. ज्या पात्रामागे बसायला कोणी उरलं नाही, ते एनपीसी. त्याची ओढ हरवली यात नवल ते काय?

इथवर माझा सिद्धांत सुतासारखा सरळ होता. मग ड्रूप आडवा आला.

२०१४च्या 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर' या साहसात ड्रूप नावाचा एक गॉब्लिन आहे. दांडग्या बगबेअर राक्षसांच्या हाताखाली मार खाणारा, भेदरट, वाटेत भेटणारा. त्याची ओढ म्हणाल तर आज मार बसू नये, एवढीच. नियमाप्रमाणे तो पाच मिनिटांत मरायला हवा. तरी कितीतरी टेबलांवर तो मरत नाही. खेळाडू त्याला पोराबाळासारखा बरोबर घेतात. आमच्याकडेही तेच झालं. थंडीने कुडकुडतोय म्हणून एकीने त्याला आपला जादा झगा दिला आणि मंडळी पुढे गेली. बऱ्याच सेशन्सनंतर बाजारात तो पुन्हा भेटला. झगा त्याने आपल्या मापाला कापून शिवून घेतला होता, आणि उरलेल्या कापडाचा रुमाल करून तो तिला परत द्यायला जपून ठेवला होता. टेबलावर असा गिल्ला झाला की ड्रॅगन मेला तेव्हाही झाला नव्हता.

यात ओढ कुठे आहे? खूण म्हणावी तर झगा, पण तो डीएमने चिकटवलेला नव्हता, खेळाडूनेच दिलेला होता. ड्रूपच्या अंगावर तिची स्वतःचीच कृती तिला पुन्हा दिसली, मापाला कापलेली. माझं जुनं द्वैत इथे अपुरं पडतं. मग तो लोहार? गाडीत जागा मागतो तोवर तो चुरचुरीत आहे, पण खेळाडू नाही म्हणून निघून गेले तर महिन्याभरात पुसला जाईल. तो रुतून बसेल पोराचं काय झालं ते कळेल तेव्हा, आणि 'तुम्ही त्या दिवशी नाही म्हणालात' हे त्याच्या तोंडून ऐकू येईल तेव्हा. ओढ माणसाला बोलतं करते. मनात घर करतो तो मात्र आपल्याला लक्षात ठेवणारा. एनपीसी ही खेळाडूंच्या करणीची खतावणी आहे. तिच्यात नोंद झाली की माणूस महत्त्वाचा झाला, आधी नाही.

मग स्ट्राड या गाजलेल्या व्हॅम्पायरकडेही वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. ट्रेसी हिकमनला एकदा खेळताना एका तळघरात उगाचच एक व्हॅम्पायर भेटला. हा इथे काय करतोय, हा प्रश्न त्याला सुटेना. त्यातून त्याने आणि लॉरा हिकमनने १९८३मध्ये 'रेव्हनलॉफ्ट' हे साहस रचलं. काउंट स्ट्राडला ओढ आहे, शोकांतिका आहे, किल्ला आहे, सगळं आहे. पण तो शेवटच्या खोलीत वाट बघत बसलेला नसतो. मधेच येतो, हल्ला करतो, निसटतो, पुन्हा येतो. दर वेळी खेळाडूंबद्दल त्याला थोडं जास्त ठाऊक असतं. भीती त्याच्या सुळ्यांची कमी आणि त्याच्या स्मरणशक्तीची जास्त.

आणि गायगॅक्स? १९७४च्या मूळ पुस्तिकांत एक नियम आहे, ज्याकडे आज फारसं कोणी पाहत नाही. भाड्याने घेतलेल्या प्रत्येक साथीदाराला निष्ठेचा एक आकडा असे. चांगलं वागवा, बक्षीस द्या, बरेच दिवस सोबत ठेवा, आकडा सुधारे. वाईट वागवा, घसरे. अधूनमधून तो पुन्हा तपासायचा. बिननावाच्या मशालवाल्यालाही हिशेब ठेवता येत होता. नाणी मोजणाऱ्या त्याच माणसाच्या पुस्तकात उपकार-अपकार मोजायची सोयही होती, आणि ती आपण मधल्या काळात आवाज बदलण्याच्या नादात गमावली. भांडण मी काढलं होतं, पण निकाल निम्मा त्याच्या बाजूने द्यावा लागतोय.

या मताची किंमत आहे, ती डीएमच्या वेळेची. सेशनच्या आधी पानंच्या पानं पूर्वचरित्र लिहिणं सुखाचं असतं, एकट्याने कादंबरी लिहिल्यासारखं. सेशन संपल्यावर, डोळ्यांवर झोप असताना, कोणी कोणाशी काय केलं ते टिपून ठेवणं हे कारकुनी काम. माझा कौल आता या कारकुनीला आहे. आधीच्या तयारीला नाव आणि ओढ अशी एक ओळ पुरे, खरं लिखाण नंतरचं.

यावर वाजवी आक्षेप असा, की सगळ्यांनीच सगळं लक्षात ठेवलं तर जग खेळाडूंभोवती घुटमळणाऱ्या आरशांचं होईल. बरोबर आहे. म्हणून कोणीतरी विसरलंही पाहिजे. ज्या उमरावाची लेक जीव धोक्यात घालून सोडवून आणली, त्याने पुढच्या भेटीत चष्म्यावरून पाहत "आपण कोण?" असं विचारावं. टेबलावर जो संताप उसळतो तो कोणत्याही खलनायकाला साधत नाही, आणि तो उमराव त्यांना जन्मभर पुरतो. मात्र हे विसरणं उमरावाचं असायला हवं. डीएमला खरोखरच आठवत नसेल तर त्याला निष्काळजीपणा म्हणतात, आणि खेळाडूंना त्यातला फरक पहिल्या वाक्यात कळतो.