उपहार आणि भिक्षान्न
परमेश्वर पूर्णकाम, मग त्यास उपहार दाखविण्याचे प्रयोजन काय? लीळाचरित्रात बाइसा सर्वज्ञांच्या आरोगणेची सिद्धता वारंवार करतात. ती सर्वज्ञांची उणीव भागविण्यासाठी नव्हे. बाइसांना सेवा घडावी, ही त्यामागील कृपा होय. आज खडकवासल्याच्या एखाद्या उपदेशी घरी देवपूजेसमोर मांडला जाणारा उपहारही त्याच सेवेचा अंश आहे. परंतु अन्न निरामिष असले म्हणजे अहिंसा पूर्ण झाली असे नव्हे. रांधताना सुनेला टोचून बोलणे हीही हिंसाच. उपहार करणारा वासनिक स्वतःची रुची बाजूस सारतो. भिक्षुक मिळेल ते भिक्षान्न स्वीकारून रुची सोडतो. दोघांचा आचार निराळा, साध्य एकच. म्हणून देवापुढे उत्तम आणि झोळीत शिळे वाढणाऱ्याने उपहाराचे मर्म जाणलेच नाही.